तिसरा बोल्ट

सोमवार ते शनिवार मी माणसांना पट्ट्यावर चालवते.
छातीला दहा चकत्या चिकटवायच्या,
वेग वाढवायचा, मग चढ,
आणि कागदावर त्यांची काळजं उमटताना बघत उभं राहायचं.
दर तीन मिनिटांनी माझं तेच वाक्य:
श्वास रोखू नका. सोडा. तोंडानं सोडा.
परळीचे रिटायर्ड गुरुजी असोत
की केजचा ट्रकवाला,
चढ लागला की सगळेच दम गिळतात,
जणू आत दाबून ठेवला तर पुरून उरेल.

रविवारी मी बुट्टेनाथच्या दरीत
मुजीबभाईच्या दोराला बांधलेली.
त्याचं लातूर रोडला पंक्चरचं दुकान.
जुन्या ट्यूबा कापून आम्हा चौघांना गुडघेपट्ट्या शिवल्यात त्यानं,
एकीवर अजून वॉल्व्ह तसाच आहे.
तो दोर धरतो तेव्हा दोर झोपल्यासारखा वाटतो
आणि कुणी सुटलं की
त्याच्या आधी दोर जागा होतो.

सातला दगड गार असतो.
साडेनवाला कोमट, दहाला तवा.
डावीकडच्या कपारीत आग्यामोहोळ,
तिथं आम्ही खाणाखुणांनी बोलतो.

वर्षभर पळाले मी कॉलेजच्या ग्राउंडवर.
पाच फेऱ्या, आठ, मग बारा.
कुत्र्यांनी भुंकणं सोडलं,
पेपरवाला माझ्यावर घड्याळ लावू लागला.
निवांत बसल्यावरचे ठोके चौऱ्याऐंशीचे एकोणसाठ झाले,
हा माझाच आलेख, मीच काढलेला,
जेवणाच्या सुट्टीत, पडदा ओढून.
वाटलं, कडा म्हणजे तरी काय,
उभं केलेलं ग्राउंड.

तिसऱ्या बोल्टाखाली एक कंगोरा आहे, जेमतेम बोटाच्या पेराएवढा.
तिथं छाती म्हणते, अजून कोसभर पळू,
आणि कोपरापासून खाली
हात फुगतो, भिजलेल्या सुंभासारखा,
बोटं उघडत जातात
एकेक,
मला न विचारता.

चार रविवार मी तिथूनच पडले.
पडले म्हणजे हातभर. लटकले.
सीताफळीच्या शेंड्यांवर पाय झुलत राहिले
आणि मनगटावरचं घड्याळ, मेलं, म्हणालं:
छान व्यायाम झाला.

पाचव्या रविवारी मुजीबभाई खालून ओरडला,
मोहोळाचं भान न ठेवता,
"बाई, दम तर लई हाय तुमच्यात,
पर कामून धरून बसलाव त्याला?
सोडा की! तोंडानं सोडा!"

मी हसले.
तिथंच, गाल दगडाला टेकवून,
त्रेचाळीस वर्षांची, सरकारी नोकरीतली बाई,
पन्नास फुटांवर एकटीच खुदखुदले
आणि हसण्यासोबत तो सगळा कोंडलेला वारा बाहेर गेला.
दगडाचा वास आला. पहिल्यांदाच.
चुन्याचा, उन्हाचा, कुठल्याशा पाखराच्या शिटेचा.
मूठ जरा ढिली केली
तरी दगडानं मला टाकलं नाही.
टाचा खाली घेतल्या, वजन पायांना दिलं,
ते बिचारे कधीचे वाट बघत होते.

कडी वाजली. खट्.
तिसरा बोल्ट.
(चौथ्याच्या आधी पडले. ते जाऊ द्या.)

आज सोमवार.
चकत्यांचा कागद सोलवेना, इतकी बोटं आखडलेली.
धारूरहून आलेल्या एक मावशी
माझ्या ढोपरांकडं, नखांकडं बघत म्हणाल्या,
"मांजर हाय का घरी?"
डोंगर आहे, म्हटलं.
त्यांना वाटलं, मी थट्टा करायले.

दुसऱ्या टप्प्याला पट्टा उचलला.
मावशींनी समोरचा कठडा असा आवळला
की बांगड्या मनगटात रुतल्या,
ओठ मिटले, मान ताठ.
माझं वाक्य तोंडाशी आलं होतं, नेहमीचं.
ते राहू दिलं.
त्यांच्या मुठीवर हात ठेवला:
"मावशी, एवढं घट्ट नको.
दोन बोटं टेकवा नुसती.
पाय हायेत ना खाली."